गादीवरची हिरवी ज्योत

करंजाड्यातल्या आमच्या बेडरूममध्ये त्या दुपारी अठरा माणसं होती. दारात चपला मावेनात, म्हणून त्या जिन्यावर उतरल्या होत्या. सगळ्यांची नजर बाधा शोधायला आलेल्या निळेबाबांच्या पितळी दिव्यावर. दिव्यात तांब्याची तापलेली चकती, बाजूला लोंबणारी रबरी नळी. या नळीला बाबा ‘नागीण’ म्हणत. ज्योत निळी होती.

“माई, घरात थंडावा टिकत नाही ना?” बाबांनी विचारलं.

“नाय रं बाबा,” माझ्या सासूबाई, गुणाबाई, म्हणाल्या. “एशी लावून बी नाय!”

“तिथंच बाधा! नागीण हुंगते, ज्योत बोलते. निळी म्हणजे निर्मळ, हिरवी म्हणजे बाधा. बाधा बसते जमिनीलगत. का? माणूस अहंकारानं वर बघतो ना, म्हणून!”

कुणीतरी “वा!” म्हणालं. नागीण फरशीवरून सरकत माझ्या चार महिन्यांच्या अरुंधतीच्या गादीपाशी आली आणि ज्योत हिरवी झाली. पोपटाच्या पिसासारखी.

“गो बाय! माजे नातीला!” सासूबाई ओरडल्या.

बाबांनी निकाल दिला. एकवीस दिवस पोर नेऱ्याच्या मठात. आईचं दूध बंद, कारण बाधा दुधातून उतरते. आईनं मठाची पायरी चढायची नाही. गाडी खाली उभीच होती. माझा नवरा शैलेश माझ्याकडे न बघता म्हणाला, “निशा, एकवीसच दिवस आहेत.”

मला काहीच वाटलं नाही. चार महिने तुकड्यातुकड्यांनी झोपलं की बोलणं कानापर्यंत येतं, आत शिरत नाही. मी पिशवी भरायला घेतली. सात लंगोट, दोन झबली. पिवळं टोपडं हातात आलं. परत येईल तेव्हा हे तिला बसणार नाही, एवढंच मनात आलं.

अरू खोकली. मी तिला उचलून खांद्यावर घेतलं. नागीण गादीवरच पडून होती. गादी रिकामी. ज्योत मात्र हिरवीच.

मी ते पाहिलं आणि एका हातानं पिशवी बांधली.

तेवढ्यात आनंदाकाका आले. पस्तीस वर्षं फ्रिज-एसी दुरुस्त करणारा माणूस. आमचा एसी पंधरा दिवस गार करत नव्हता, म्हणून शैलेशनं सकाळी फोन केला होता.

“काय गो, बारसा हाय का?” म्हणत ते आत आले आणि दिव्याकडे बघून थबकले. “आयला! असाच दिवा माजे उस्तादाकडं व्हता.”

“नास्तिकांनी बाहेर थांबावं,” बाबा म्हणाले.

“थांबतो की. पयली खिडकी उघडा.”

“काका,” कुणीतरी बोललं. तो माझाच आवाज होता. “मी अरूला उचललं, गादी रिकामी होती. तरी ज्योत हिरवी होती.”

काकांनी गादीवर पडलेली नळी उचलली आणि गादीच्या वर, भिंतीवरच्या एसीच्या पाइपाला लावली. ज्योत भसकन आणखी गडद हिरवी झाली. मग अरूच्या साबणाचा फेस त्या जोडावर चोपडला. बुडबुडे फुगू लागले.

“गॅस गळतो हितं. हवेपरीस जड, म्हनून खाली उतरून गादीवर बसतो. जुनी मशीन हाय, ह्या गॅसात क्लोरीन असतो. तापलेल्या तांब्यावर गेला का ज्योत हिरवी. आमी गळती अशीच शोधायचो.”

“तांब्यात देवीचा वास आहे!”

“मंग माजी सगली बॅग देऊल हाय, महाराज!”

जिन्यावरून हसू ऐकू आलं. सासूबाई हसल्या नाहीत. “आनंदा, माजी नात खोकते त्याचं काय?”

“ताई, तो गॅस ज्योतीत जळला का विषारी धूर व्हतो. पोरीच्या नाकाशी यानं तेच केलं.”

काकांनी एसीतला गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून कोंडला. अर्धा तास पंखा चालवला. मग मी अरूला गादीवर ठेवलं आणि काकांनी लांबून, क्षणभरच, नळी धरली. तेच बाळ, तीच गादी. ज्योत निळी.

“कंच्या फ्रिजच्या दुकानात शिकलास रं?” काकांनी विचारलं.

बाबांनी दिव्याची चावी सराईत हातानं बंद केली आणि चपला शोधत जिना उतरले. सासूबाईंनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि कपडे एकेक करून कपाटात ठेवले. पिवळं टोपडं सगळ्यात वर.

जाताना मी काकांना विचारलं, उरलेला गॅस सोडून का नाही दिला? ते म्हणाले, वर्षानुवर्षं तरंगत तो फार उंच जातो. तिथल्या उन्हात फुटून क्लोरीन सुटतो. तो ओझोन मोडतो आणि पुन्हा मोकळा होऊन पुढच्याला धरतो. क्लोरीनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो. त्याच ओझोनमुळे आपल्या पोरांच्या कातडीला सोसवेल असं ऊन खाली येतं. ही बाधा खरी आहे, पण ती कुणाच्या दुधातून उतरत नाही. पान्यानं जोड घट्ट केला की थांबते.

तुमच्या घरी कुणी असा दिवा घेऊन आला आणि तुमच्या माणसावर बोट ठेवलं, तर आधी त्या माणसाला तिथून उठवा. जागा रिकामी करून बघा. ज्योत तरीही हिरवी राहिली, तर दोष त्या माणसाचा नाही.