भस्माला फुटलेला घाम

हरितगृहाच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. आत माणसं एका ताटाभोवती दाटली होती. ताटातले पांढरे खडे पाण्याचा थेंबही न घालता ओले होत होते.

"भस्माला घाम फुटला!" जलमहाराज डोळे मिटून म्हणाले. "तुमच्या झाडांचं दुखणं हे अंगावर घेतंय."

मला हसू आलं, पण टिकलं नाही. मातीविना, पाण्यावर वाढवलेल्या आमच्या टोमॅटोंची बुडं काळी पडून सडत होती. या भस्माचं पाणी टाकीत पडू लागल्यापासून नवी फळं खरंच स्वच्छ येत होती. नवरा तर महाराजांच्या पायाशीच बसलेला.

"हेच पाणी लेकरांना पाजा. बाळसं धरतील," महाराज म्हणाले.

"आई, आपल्या बाळाला नको हं," मी सासूबाईंना बजावलं.

"कॉलेज शिकलीस म्हणून देवाहून शहाणी झालीस होय गं?"

मी कामावर गेले की त्या दुधाची पावडर त्याच पाण्यात कालवायच्या. एका सकाळी बाळाचे ओठ निळे दिसले. नखंही.

"बाटलीत पाणी कुठलं?" डॉक्टरीणबाईंनी पहिलं हेच विचारलं. आपोआप ओल्या होणाऱ्या भस्माचं ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "खताचं नायट्रेट आहे हे. तान्ह्याचं रक्त प्राणवायू वाहीनासं होतं. अजून उशीर केला असतात तर..."

बाळ वाचलं. मी खताच्या दुकानातून कॅल्शियम नायट्रेट आणलं आणि त्याच लोकांपुढे ताटात ओतलं. दमट हवेत खडे पाझरू लागले.

"घ्या! आता या खड्यांनी कुणाचं दुखणं अंगावर घेतलंय? हे खत हवेतली ओल ओढतं, एवढंच."

"पण आपलं आधीचं खत तर शेतात चालायचं, मग इथे बुडं का सडली?" नवरा पुटपुटला.

"शेतात. आपलं अमोनियाचं खत मातीतले जिवाणू नायट्रेटमध्ये बदलून देतात. नळीतल्या पाण्यात कोण बदलणार? नुसत्या अमोनियावर झाडाला कॅल्शियम उचलता येईना, म्हणून बुडं सडली. महाराजांच्या भस्मानं नायट्रेट दिलं, कॅल्शियमही दिलं. झाडं सुधारली."

"श्रद्धा कमी पडली, म्हणून बाळ आजारी पडलं," महाराज शांतपणे म्हणाले.

माना डोलल्या. माझ्या सासूबाईंचीही.

त्या मानांना माझं एवढंच सांगणं आहे: टोमॅटोचं खत टोमॅटोला घाला. लेकराच्या तोंडाला काही लावण्याआधी विचारा, यात काय आहे? उत्तराऐवजी श्रद्धा मागणाऱ्याच्या हातचं पाणीसुद्धा घेऊ नका. निळे ओठ मी पाहिलेत. तुम्ही बघू नका.