गोंदणाच्या सुईची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी सुई आहे. कपडे शिवणारी नव्हे. ती माझी सरळमार्गी चुलतबहीण. मी गोंदणाची सुई. सोलापुरातल्या गोजाबाई नावाच्या गोंदणारणीच्या हाताखाली माझा जन्म गेला. आम्ही तिघी जणी एका काडीला दोऱ्याने घट्ट बांधलेल्या होतो. मधली मी. बाजूच्या दोघी अगदी गरीब, कधी हूं की चूं न करणाऱ्या. बोलायची खोड मला एकटीलाच.

आणि आधीच सांगून टाकते, मी संशयी आहे. माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. तुम्ही म्हणाल, सुईएवढी सुई आणि हिला कसला आलाय संशय? पण जी माणसाच्या कातडीतून आत-बाहेर करते, तिला माणूस थोडाफार कळतोच.

मी नवी होते तेव्हा गोजाबाईने मला दगडावर घासून टोक काढलं. दिव्याची काजळी पाल्याच्या रसात खलून तिने शाई केली, मला तीत बुडवलं आणि पहिली टोच स्वतःच्याच घोट्यावर मारून पाहिली. "चांगली हाय," एवढंच ती म्हणाली. गोजाबाईच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे पुष्कळच झालं. पुढे आमचं नाव झालं. बाया एकमेकींना सांगत, "गोजीची सुई मुंगीवानी चावती, कळतबी न्हाय." मी काडीवरच फुगून बसे.

आमचा खरा हंगाम म्हणजे संक्रांतीच्या दिवसांतली सिद्धेश्वराची जत्रा. सोलापूरकर तिला गड्डा म्हणतात. तळ्याच्या बाजूला एका लिंबाखाली गोजाबाई गोणपाट अंथरून बसे. सासवा सुनांना घेऊन येत, आया लेकींना घेऊन येत. सगळ्यांचं म्हणणं एकच, मेल्यावर सोनंनाणं सगळं इथंच राहतं, गोंदण तेवढं संगट येतं. खरं-खोटं देव जाणे. मला अजून तरी कुणी परत येऊन काही सांगितलेलं नाही.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगते, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. गोंदायला बसलेल्या पोरीने "नको, नको" म्हणायचं असे. मुकाट्याने हात पुढे केला तर बाया नाक मुरडत, "केवढी निर्ढावलेली गं ही!" म्हणून जिला हवं असे तीही नको म्हणे आणि जिला नको असे तीही. आणि पोरगी नको म्हणाली, की गोजाबाई गाणं म्हणायला लागे. पोरीचा आवाज चढला की गाणंही चढे. तिचं गाणं असं खणखणीत, की शेजारच्या चुरमुऱ्यावाल्यालाही गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू येत नसे. त्यात आमचं काम उरकून जाई. वर हळद-तेल लावलं, की झालं.

मला त्या गाण्याचा पहिल्यापासून संशय होता. सोबत आलेल्या बाईचाही. बाई जितकी गोड बोले, तितकं तिने पोरीचं मनगट घट्ट धरलेलं असे. पण सुईचं ऐकतो कोण?

ज्या सालची गोष्ट मी सांगणार आहे, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात इंग्रज सरकारने शहरात मार्शल लॉ लावला होता. डोक्यावर पांढरी गांधीटोपी दिसली की शिपाई हटकत. माणसं एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहायला शिकली होती, आणि ती सवय जत्रेतही सुटली नव्हती. अशा दिवसांत चिमाबाई नावाची धनगराची म्हातारी आपल्या नव्या सुनेला घेऊन आली. सुनेचं नाव मायाक्का. माहेर होटगीचं. तिचा नवरा गिरणीत कामाला होता. भोंगा होईपर्यंत तो काही यायचा नव्हता.

चिमाबाई म्हणाली, "गोजे, हिच्या दोनी हातांवर काढ. आमच्या घरात बिनगोंदणाच्या सुनंच्या हातचं पानी कुनी पीत न्हाय. सा म्हैनं झालं, आजून घागरीला हात लावू दिला न्हाय हिला. आज न्हाय झालं तर जाऊ दे होटगीला, कायमची."

मायाक्का खाली मान घालून म्हणाली, "नको."

गोजाबाईने नेहमीप्रमाणे गाणं सुरू केलं आणि मला शाईत बुडवलं. मी पोरीच्या हाताजवळ आले आणि मला काहीतरी वेगळं वाटलं. इतर पोरी रडत, हात झटकत, मध्येच हसतही. ही रडत नव्हती. हात झटकत नव्हती. फक्त पुन्हा म्हणाली, "नको." पहिल्याइतकंच हळू.

जमलेल्या बायांनाही वास लागलाच. मग काय, संशयाला पाय फुटले. एक म्हणाली, "मिशनवाल्यांच्या दवाखान्यात जाती आसंल, बाटवली आसंल." दुसरी म्हणाली, "पळून जायचा इचार आसंल. गोंदान आसलं की मानूस वळकू येतं, म्हनून नको." चिमाबाईला तर भलताच संशय आला. तिने सुनेच्या चोळीची बाही वर ढकलली. "कोड-बिड तर न्हाय न्हवं? आमाला फसवलं का काय तुज्या बापानं?" आणि तिने भर जत्रेत सुनेचा दंड उलटासुलटा करून पाहिला. मीही टक लावून पाहत होते, तुम्हाला काय खोटं सांगू. हात अगदी स्वच्छ होता. त्यात काही लपलेलं नव्हतं. तिला नको होतं, एवढंच.

गोजाबाईचं गाणं चालूच होतं. तेव्हा मायाक्काने वर पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, गानं थांबवा की. गानं थांबवून एकदा इचारा मला."

मित्रांनो, गोजाबाईचं गाणं कधी मध्येच थांबलेलं मी ऐकलं नव्हतं. ते थांबलं. पाळण्यांची करकर ऐकू यायला लागली. गोजाबाईने विचारलं, "पोरी, गोंदू का?"

"नको, मावशी."

"का गं?"

"का म्हंजी? हात माजा हाय की."

"आन् घराचं काय? होटगीला धाडतील तुला."

मायाक्काचे डोळे तेव्हा पहिल्यांदा भरले. "म्हाईत हाय. मला जायाचं न्हाय. घर माजंच हाय. पर हातबी माजाच हाय."

गोजाबाईने मला फडक्याला पुसलं आणि खाली ठेवलं. शाई लावून, एकही टोच न मारता मला परत ठेवलं, असं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घडलं. चिमाबाई खवळली. "गोजे, धंदा करतीस का पोरीला शिकवतीस?" गोजाबाईने आपला पितळी तांब्या मायाक्कापुढे सरकवला. "गाऊन गाऊन घसा सुकलाय. पानी वत गं माज्या वंजळीत."

मायाक्काने पाणी ओतलं. अर्धं पाणी गोणपाटावर सांडलं. उरलेलं गोजाबाई सगळ्यांच्या देखत घटाघटा प्याली आणि तोंड पुसून म्हणाली, "ग्वाड हाय."

चिमाबाईने गाठोडं उचललं आणि चालू पडली. मागोमाग मायाक्का गेली. माझी खात्री होती, म्हातारी तिला थेट होटगीच्या गाडीत बसवणार. वर्षभर मी वाईटसाईटच मनात आणत होते. दुसरं काय करणार? धंदाही बसला होता. गोजाबाई आता प्रत्येकीला आधी विचारायची, आणि "व्हय" म्हटल्याशिवाय गाणंही सुरू करायची नाही. बाया चेष्टा करत, "गोजी इचारत बसती, तितं दिवस मावळंल." त्या दुसरीकडे जात. मला गंज चढायला लागला.

पुढच्या गड्ड्यात चिमाबाई पुन्हा आली. सोबत मायाक्का होती. हात तसेच कोरे. मी चकितच झाले. म्हातारी वाळून निम्मी झाली होती आणि सुनेच्या खांद्याला धरून चालत होती. बसता बसता कुरकुरली, "आज धाडू, उद्या धाडू म्हनत ऱ्हायले, आन् श्रावनात हिवतापानं पडले. पानी मागितलं तर घरात हीच. मग काय मरू का घशाला कोरड पडून? प्याले."

"मग आज कशापायी आलीस?" गोजाबाईने विचारलं.

"माजं गोंदान फिकट झालंया. तेवढं घोटून दे."

तिच्या मनगटावर तुळशीवृंदावन होतं, साठेक वर्षांचं, शेवाळासारखं हिरवट झालेलं. गोजाबाईने मला शाईत बुडवलं आणि आता सवयच पडली होती म्हणून विचारलं, "चिमाबाई, गोंदू का?"

चिमाबाई आपल्या मनगटाकडे पाहत बसली. मला वाटलं, म्हातारी भांडण उकरून काढणार. पण तिचा आवाज एकदम लहान झाला.

"गोजे, मला कुनी इचारलंच न्हवतं गं. पाच वर्साची व्हते. चौगींनी धरली व्हती."

"मग आता सांग की. काय काढू?"

म्हातारीने सुनेकडे चोरून पाहिलं. मग लाजत, अगदी कानात सांगावं तसं म्हणाली, "इंचू."

मायाक्काला हसू फुटलं. चिमाबाईही हसली, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. मग तिने दुसरा, कोरा दंड आपण होऊन पुढे केला. कुणी तिचं मनगट धरलं नव्हतं. गोजाबाईने गाणं म्हटलं, पण हळू, आणि म्हातारीनेही त्यात आपला चिरका सूर मिसळला. त्या दिवशी मी कुठलाही संशय न घेता कातडीत उतरले.

आता मी एका पत्र्याच्या डबीत पडून असते. गोजाबाईला नीट दिसत नाही, आणि शिकल्यासवरल्या मुली गोंदणाला अडाणीपणा म्हणतात. म्हणोत बापड्या. नको तर नको. मला गंजू दिलंत तरी माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, हातात सुई असो, कात्री असो, नाहीतर नुसती माया असो, दुसऱ्याच्या अंगाला लावण्याआधी त्याला विचारा. आणि विचारताना तुमचं गाणं तेवढं बंद ठेवा.