जोआनाचा दुसरा आवाज

जोआनाचा नवरा प्लासिड वारला त्याच संध्याकाळी फर्डिनंड घरी आला. गावच्या चर्चचा कॉयर, म्हणजे गाणाऱ्यांचा ताफा, आता तो सांभाळायचा. गाणं मात्र प्लासिडकडेच शिकलेला. म्हणाला, "जोआनामावशी, उद्याच्या दफनाच्या मिस्सात सगळी गाणी मराठीच घेऊ. लॅटिन आता कोणाला येत नाही, कळतही नाही."

"मला येतं," जोआना म्हणाली.

"तू आल्टो गातेस. नुसता दुसरा आवाज कसा चालेल? मूळ चाल गायला कोणी नाही, आणि बेस गाणारा तर..." तो थांबला. बेस, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज, गाणारा प्लासिड आतल्या खोलीत शवपेटीत होता.

फर्डिनंडकडे कॉयर येईपर्यंत चाळीस वर्षं दर गुड फ्रायडेला जोआना आणि प्लासिड कॉयरमध्ये एक लॅटिन शोकगीत गात. देवा, तुझं मी मानते, पण मला रडू दे, असा त्याचा अर्थ. वाडीतला मोगरा खुडता खुडता प्लासिडने एकेक शब्द तिला फोडून सांगितला होता.

दुसऱ्या दिवशी जावांनी तिला चर्चमध्ये शवपेटीजवळच्या पहिल्या बाकावर बसवलं. कम्युनियनचा प्रसाद वाटून झाला आणि ती उठली. धाकट्या जावेने पदर धरला, "बस गो." जोआनाने पदर सोडवून घेतला. सगळ्या चर्चमधून चालत ती मागे गेली, दुखऱ्या गुडघ्याने कॉयरच्या माळ्याचा जिना चढली. फर्डिनंडची बोटं कीबोर्डवर होती.

"हात काढ," ती म्हणाली. त्याने काढले.

ती तेच शोकगीत गाऊ लागली. आल्टोला स्वतःची अशी चाल नसते. तो एकाच सुरावर रेंगाळतो, एखादी पायरी उतरतो, वाट बघतो. जिथे एकटा बेस होता तिथे जोआना गप्प झाली आणि कठड्यावर बोटाने मात्रा मोजत राहिली. माणसं माना वळवून वर बघू लागली. कोणाला वाटलं, बाई विसरली.

"मावशी, पुरे," फर्डिनंड कुजबुजला.

तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. नेमक्या मात्रेवर पुढचा सूर उचलला. एका शब्दावर आवाज फाटला, तर तोच शब्द तिने पुन्हा घेतला, नीट. खाली फादर पवित्र पाणी घेऊन उभे होते. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि ते खुर्चीवर बसले. जोआनाने शेवटपर्यंत गायलं.

दफन झाल्यावर फर्डिनंड तिच्याजवळ आला. "लोक विचारतात, मावशी मध्येच थांबत का होती?"

"तिथे त्याचा आवाज होता. त्याच्यावर मी कशी गाणार?"

फर्डिनंडने मान खाली घातली. "बेसची बाजू त्यांनी मला लिहून दिली होती. मी कधी बसवलीच नाही."

"शुक्रवारी पाचला घरी ये. चाल गायला माणूस मी शोधते. येत्या गुड फ्रायडेला हे गीत होणार. फादरना मी सांगेन, विचारणार नाही."

शुक्रवारी तो आला. बेसच्या पहिल्याच ओळीला जोआनाने त्याला सात वेळा थांबवलं.