बाबांचा डावा डोळा

आमच्या घरात रंगांचे दोन महान तज्ज्ञ आहेत: एक माझा नवरा, दुसरे माझे धाकटे दीर. फोटो छापायचं दुकान दोघांचं, आणि दोघांची भांडणं सोडवायला मी.

अपघातात सासऱ्यांचा डावा डोळा गेला, तेव्हापासून बाबा काळा चष्मा काढेनात. जेवायलाही भिंतीकडे तोंड करून बसायचे. कृत्रिम डोळे बनवणाऱ्या बाई म्हणाल्या, "उजव्या डोळ्याच्या बुबुळाचा फोटो या कागदावर हुबेहूब रंगात छापून आणा, तोच आत बसवते." बाबांचे डोळे घारे, मधाच्या रंगाचे. मी म्हटलं, चला, घरचंच काम!

घरचं होतं, म्हणूनच वाट लागली. पहिलं बुबुळ आलं ते विटकरी.

"कागदच भिकार आहे," नवरा म्हणाला. नाचता येईना, अंगण वाकडं.

"दादा, आयसीसी प्रोफाइल लावलंस का?" भाऊजींनी विचारलं. प्रोफाइल म्हणजे प्रिंटरची संगणकाकडे केलेली चहाडी: हा या कागदावर लाल जास्त ओततो हो! मग संगणक तेवढा लाल कापून पाठवतो. ते लावलं, आणि दुसरं बुबुळ आलं शेवाळी हिरवं.

"स्क्रीनवर तर बरोबर दिसतंय," भाऊजी म्हणाले.

"मग बाबांच्या खोबणीत स्क्रीनच बसवूया," मी म्हटलं.

बाबांनी तो कागद हातात घेतला, चष्म्याआडून पाहिला आणि हळूच खाली ठेवला. "राहू दे गं सूनबाई. चष्मा काय वाईट आहे?"

माझं डोकंच फिरलं.

"अहो, प्रोफाइल कुठे लावलंत तुम्ही?"

"फोटोच्या प्रोग्रॅममध्ये."

"आणि भाऊजी, तुम्ही?"

"प्रिंटरच्या सेटिंगमध्ये. दादाचा काय भरवसा?"

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. आमच्या पाहुण्याला दोन्ही घरी कोंबून जेवू घातलं होतं. लाल दोनदा कापला गेला होता! मी भाऊजींची दुरुस्ती बंद करायला लावली, आणि तिसरं बुबुळ आलं ते थेट मधाच्या रंगाचं. भाऊजी रुसून जेवायला आले नाहीत. बरंच झालं, एक ताट कमी घासावं लागलं.

नवा डोळा बसवून बाबा थेट दुकानात आले. काउंटरपाशी जरा घुटमळले, मग त्यांनी चष्मा काढला.

नवऱ्याने त्यांची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "बघ! याला म्हणतात रंग! माझं प्रोफाइल!"

भाऊजींनी वाकून बारकाईने पाहिलं. "मधे जरा पिवळा मारतोय. माझी दुरुस्ती ठेवली असती, तर अगदी नैसर्गिक दिसला असता."

बाबा आळीपाळीने दोघांकडे बघत राहिले.

"गाढवांनो, हा उजवा आहे. हा माझ्या आईने छापलाय."

आणि मग ते असे हसत सुटले, की चष्मा काउंटरवरच विसरून घरी गेले.