कर्नलसाहेबांना ओवाळायचं होतं

"हिच्या हाती ताट द्याचं का नाही, ते ठरवा एकदाचं. साहेब बिरशीच्या इमानतळावून निघाले," सरपंच इंद्रकुमार म्हणाले, तशा मंडपामागच्या बायका शामकलेच्या कपाळाकडे पाहू लागल्या. कुंकू होतं. हातात बांगड्याही होत्या. पण नवरा पुरात गेलेला, अन् देह सापडला नव्हता. अशा बाईला सवाशीण म्हणावं की नाही, हा प्रश्न धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असा होता. त्यामुळे पावसाळ्यापासून तो कोणी धरलाच नव्हता.

सरपंचांनी तो आपल्या परीने सोडवला. सरकारदरबारी तिचा नवरा छोटेलाल बेपत्ता होता, मेलेला नव्हता. शिवाय साहेबांच्या बोटीत पहिली चढली ती शामकलाच. कर्नलसाहेब आता निवृत्त होणार होते. बाघ नदीच्या पुरात त्यांनी केलेल्या कामाचा सत्कार आणि नव्या घरांच्या किल्ल्यांचं वाटप असा जोडकार्यक्रम होता. राज्य पुरातून सावरलं, असं मंडपावरच्या फलकावर लिहिलं होतं. ओवाळायला वाचलेलीच बाई हवी होती.

शामकलेने ताट घेतलं. घे म्हटलं की घ्यायचं, बस म्हटलं की बसायचं, असे तिचे दिवस चालले होते. आधी दुःख होईल म्हणून तिने वाट पाहिली, पण तेही झालं नाही. फक्त सासूने त्याच्या क्रियाकर्माचा विषय काढला की ती उठून जाई. नदीच्या पल्याड मध्य प्रदेश. तिकडे कुठल्या तरी गावाच्या काठाला लागला असेल, पाय मोडला असेल, येईल धान कापायला, असं ती सांगे. धान कापून झालं. तरी ती तेच सांगे.

त्या दिवशी ते तिघं शेजारच्या लेकरांसह कवेलूच्या छपरावर होते. छोटेलालने आधी तिला आणि आईला बोटीत ढकललं, मग लेकरं एकेक करून दिली. बोट भरली आणि वळली. शामकलेच्या मांडीवर दोन लेकरं होती, त्यांना धरून ती वाकली होती. मागे वळून पाहणं काही तिला जमलं नाही.

साहेब आले. उंचेपुरे, केस पांढरे, वागणं साधं. भाषणं झाली. साहेबांच्या शौर्याचं सगळ्यांनी इतकं कौतुक केलं की ते बिचारे बुटांकडे पाहत राहिले. मग तिचं नाव पुकारलं. सरपंचांची बायको दुर्गेश्वरी जोडीला होती. शामकलेने साहेबांच्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, आणि निरांजनाचं ताट उचलता उचलता हळूच विचारलं,

"साहेब, बोट वळली तवा तुमी मागं पाहून राहिले होते. माहा माणूस छपरावर होता. मंग कुठं गेला तो?"

साहेबांनी तिला ओळखलं. त्यांचा चेहरा उतरला. माईक दूर होता.

"छप्पर बैठ गया था, बहनजी. उनके साथ ही. मैंने देखा," ते म्हणाले. मग पुढे म्हणाले, "बोट मोड़ने का हुक्म मेरा था. मैं समझा, आपने भी देखा होगा."

तिला वाटलं, आता राग येईल. आला नाही. हा माणूस खोटं बोलत नाही, एवढंच तिला कळलं. तिने ताट दुर्गेश्वरीकडे दिलं.

"तू ओवाळ वो. मले नाही चालत आता."

दुर्गेश्वरीने ओवाळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब मात्र शामकला पायऱ्या उतरून दिसेनाशी होईपर्यंत उभेच होते. खाली बसा, असं त्यांना दोनदा सांगावं लागलं.

घरी येऊन तिने सासूला सांगितलं, क्रिया करून टाकू. देह न सापडलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा देह करून जाळतात. दीर कैलाश जाऊन पोतंभर पानं घेऊन आला. अंगण सारवून सासूने पानं मांडायला घेतली. डोकं झालं, हात झाले, पाय झाले. म्हातारी मांडत होती आणि पदराने नाक पुसत होती.

शामकला भिंतीला टेकून पाहत होती. मग उठली.

"लांबीले कमी पडून राहिला, माय."

"होते ना वो एवढा."

"नाही होत."

ती पानांच्या शेजारी जमिनीवर आडवी झाली, डोक्याला डोकं लावून, रोज खाटेवर निजायची तशी. कुशीवर वळली. पाय लांब केले, मग टाच टेकली होती ती जागा पाहत उठली आणि तिच्या वीतभर पुढे बोट टेकवून दाखवलं.

"इथवर येत होते त्याचे पाय."

सासूने पोत्यातून आणखी पानं काढली.