नेटवर्कचं नाव

आमचं पळसपाडा धरणात गेलं, तेव्हा बाबांना धरणावर शिपायाची नोकरी आणि भातसानगरात हे क्वार्टर मिळालं. टेलिफोनची जुनी तार घरात होतीच. टेलिफोनवाल्यांनी माणूस पाठवतो म्हणून पंधरा दिवस टोलवल्यावर इंटरनेटचा मोडेम मीच जोडला. दिवा हिरवा झाला, त्याने वायफाय नेटवर्कचं नाव विचारलं. मी ‘पळसपाडा’ टाकलं.

संध्याकाळी शेजारचे साहेब मोबाइल घेऊन दारात आले.

“माधुरी, हे कसलं नाव? क्वार्टरचा नंबर टाक. असं गावच नाही आता.”

“कोण बोललं?”

“कुठल्या नकाशात आहे?”

“तुमच्या मोबाइलात हाय ना? अख्ख्या कॉलनीच्या मोबाइलात हाय,” मी म्हटलं. “आता बुडवून दाखवा.”