दोघींचं ऐकणारे काका

“पट्टी कुठंय, काका?”

काकांच्या पायाची पट्टी बदलायला सिस्टर एरवी सोमवारी यायच्या. या सोमवारी त्यांची सुटी होती, म्हणून आज बुधवारी न कळवताच आल्या. काका खुर्चीत बसून बुटाची नाडी सोडत होते. मोजा खाली सरकलेला, घोट्यावरची जखम उघडी, आणि पट्टी नीट गुंडाळून खिडकीत ठेवलेली.

काका चोरी पकडल्यासारखे हसले. जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केलेला हा माणूस बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर राहत होता, आणि त्यावरचा विनोद आल्यागेल्याला स्वतःच ऐकवायचा.

“व्यायामवाल्या ताईंनी सांगितलंय, रोज चालायचं, पण घट्ट बूट घालून. पट्टीवर बूट चढत नाही. म्हणून चालताना सोडतो, मग पुन्हा बांधतो. तुम्ही बांधता तश्शीच!”

सिस्टरनी खिडकीतली पट्टी उचलली. जखम भरत का नाही म्हणून त्यांनी मलम बदललं होतं, साखर तपासली होती. पट्टीचा दाब हाच खरा उपचार, आणि तोच रोज सुटत होता. वर बूट घासत होता तो वेगळाच. पुढच्या तपासणीत फरक दिसला नाही तर पाय काढावा लागेल, असं सर्जननी बजावलं होतं.

“मी म्हणत होते, सांग त्यांना,” स्वयंपाकघरातून काकांची मोठी बहीण कडाडली. “पण ह्याला मेल्याला नाही म्हणवतंय कुठं? तरुणपणी दोन मुली बघितल्या, दोन्हीकडे होकार देऊन आला होता!”

“तू गप गं, आक्का!” काका ओशाळले. “अहो सिस्टर, तुम्ही दोघी एवढे जिने चढून माझ्यासाठी येता. कुणाचं मन मोडू?”

सिस्टर रागावणार होत्या, पण कुणावर? “पट्टी बांधता ना?” एवढंच त्या विचारत आल्या होत्या, आणि काका खरं तेच सांगत होते.

बुधवार हा व्यायामवाल्या ताईंचा वार. तेवढ्यात त्या धापा टाकत आल्या आणि जखम बघून थबकल्या.

“मला वाटलं, तुमचं काम संपलं,” त्या सिस्टरना म्हणाल्या.

“आणि मला वाटलं, तुमचं सुरूच झालं नाही.”

एकाच जिन्यावरून चढणाऱ्या दोघी आज पहिल्यांदा बोलत होत्या. मग काकांच्या पायाशी दोघींनी बसकण मारली. घट्ट बूट कशाला, तर तोल जाऊ नये म्हणून. मग पट्टीवर बसेल अशी रुंद, मागे पट्टा असलेली चप्पल चालेल? चालेल. घोटा वाकेल अशी पट्टी बांधता येईल? येईल.

“मग सकाळ-संध्याकाळ थोडं चालायचं. जमेल ना?” ताईंनी विचारलं.

काकांची मान सवयीनं हलू लागली. मध्येच थांबली.

“नाही,” ते म्हणाले. “संध्याकाळी नाही जमणार. फार ठणकतो.”

आक्का हातातलं भांडं घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या.

“बरं झालं सांगितलंत, काका,” सिस्टर म्हणाल्या.

त्या दिवशी एकीनं पाऊल धरलं, दुसरीनं पट्टी गुंडाळली.

तपासणीला दोघीही सोबत गेल्या. कडेनं गुलाबी होऊन भरू लागलेली जखम सर्जननी निरखली आणि म्हणाले, “पाय राहतोय.” काकांनी सगळ्यांना हात जोडले, वॉर्डबॉयलासुद्धा. त्यानं चाकांची खुर्ची पुढं केली. काकांनी तिच्याकडं बघितलं, हसून ‘नको’ अशी मान हलवली, आणि भिंतीला तळवा टेकवत लांबलचक व्हरांड्यातून निघाले. मागून दोघी, त्यांच्याच चालीनं, हात न लावता.